ताणाचे संप्रेरक आणि आपले आरोग्य

‘ताण’ हा शब्द आपल्या नित्याच्या बोलण्यात इतका रुळला आहे की, त्याचा नेमका अर्थ काय याचा विचार सहसा कोणी करीत नाही. कामाचा ताण, परीक्षेचा ताण, कर्जाचा ताण, घरातील आजारपणाचा ताण. प्रत्येक ठिकाणी शब्द एकच. मुळात हा शब्द दोरीचा आणि तारेचा. इंग्रजीतील ‘स्ट्रेस’ हा शब्दही असाच अभियंत्यांच्या परिभाषेतून वैद्यकात आला. तो तेथे रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने हॅन्स सेल्ये या शास्त्रज्ञाकडे जाते. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे मॅकगिल विद्यापीठात काम करीत असताना त्यांनी उंदरांना निरनिराळे अर्क टोचून पाहिले. अर्क कोणताही असो, परिणाम मात्र ठरावीक होत. अधिवृक्क ग्रंथी सुजत, छातीतील थायमस ग्रंथी आक्रसे आणि जठरात व्रण पडत. पुढे उंदरांना थंडीत ठेवले किंवा अतिश्रम करावयास लावले, तरी तेच घडले. १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी हे निष्कर्ष एका लहानशा पत्ररूपाने प्रसिद्ध केले. संकट कोणतेही असले तरी त्यास तोंड देण्याची शरीराची एक सामाईक रीत आहे, हा विचार तेव्हापासून वैद्यकशास्त्रात स्थिर झाला.

या सामाईक रीतीच्या केंद्रस्थानी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक आहे. त्याला ‘ताणाचे संप्रेरक’ असे म्हणतात आणि त्यामुळे ते जणू शरीराचा शत्रूच आहे, असा अनेकांचा समज होतो. हा समज बरोबर नाही. कॉर्टिसॉलवाचून माणूस जगू शकत नाही. त्याचे प्रमाण किती, ते केव्हा वाढते आणि वाढल्यावर पुन्हा उतरते की नाही, यावर त्याचे गुणदोष ठरतात.

साखळी आणि तिचा लगाम

प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली, सुमारे चार-पाच ग्रॅम वजनाची एक ग्रंथी असते. हीच अधिवृक्क ग्रंथी होय. तिच्या गाभ्यातून ॲड्रेनॅलीन स्रवते, तर बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल. रस्त्यात अचानक साप आडवा आला तर छातीत धडधडते, तळहातांना घाम सुटतो, ते ॲड्रेनॅलीनचे काम. ते काही सेकंदांत होते आणि काही मिनिटांत ओसरते. कॉर्टिसॉलची चाल संथ आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाकडून पोष ग्रंथीस रासायनिक संदेश जातो, पोष ग्रंथीकडून दुसरे संप्रेरक रक्तावाटे अधिवृक्क ग्रंथीकडे जाते आणि मग कॉर्टिसॉल रक्तात उतरू लागते. ते यकृताकडून साखर सोडविते, इन्शुलिनचा प्रभाव काही काळ रोखून धरते, रक्तदाब टिकविते आणि दाहाची क्रिया आवरते. संकटाच्या वेळी पचन, वाढ, प्रजनन ही दूरच्या हिशेबाची कामे मागे ठेवून हाताशी असलेली सर्व शक्ती स्नायू आणि मेंदू यांच्या हवाली करणे, हा या व्यवस्थेचा हेतू.

या साखळीला एक लगामही आहे. पाण्याच्या टाकीतील तरंगता गोळा जसा पाणी वर चढताच नळ बंद करतो, तसेच रक्तातील कॉर्टिसॉल पुरेसे वाढले की तेच मेंदूस आणि पोष ग्रंथीस ‘आता पुरे’ असे कळविते व स्राव मंदावतो. रक्तात शिरलेल्या कॉर्टिसॉलपैकी निम्मे साधारणतः तास-दीड तासात नाहीसे होते. म्हणजे संकट टळले की शरीर आपोआप पूर्ववत व्हावे, अशी ही रचना आहे. सापाच्या बाबतीत ती उत्तम चालते. कर्जाच्या हप्त्यासाठी ती तयार झालेली नव्हती.

संकट नसतानाही कॉर्टिसॉल रक्तात असतेच आणि त्याला दिवसाची एक ठाम लय असते. मध्यरात्रीच्या सुमारास ते सर्वांत कमी असते. पहाटेपूर्वी ते चढू लागते आणि जाग आल्यानंतर सुमारे अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठते. पुढे दिवसभर ते उतरत जाते. सकाळी आठच्या सुमारास निरोगी माणसाच्या एक डेसिलिटर रक्तात साधारणतः ५ ते २५ मायक्रोग्रॅम कॉर्टिसॉल आढळते, रात्री त्याचा थोडासाच अंश उरतो. अंथरुणातून उठून कामास लागण्याची जी उमेद आपण स्वभावाचा गुण मानतो, तिच्यात या चढणीचाही वाटा असतो. रात्रीचे जागरण ही लय बिघडविते. शिकागो विद्यापीठात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुणांची एका रात्रीची झोप काही अंशी कमी केली, तेव्हा दुसऱ्या संध्याकाळचे कॉर्टिसॉल ३७ टक्क्यांनी वाढलेले आढळले. रात्र पूर्ण जागविली तेव्हा ४५ टक्क्यांनी. जे प्रमाण संध्याकाळी उतरावयास हवे, तेच चढून राहिले. रात्रपाळीचे कामगार, पोलीस, परिचारिका, लांब पल्ल्याच्या गाड्यांचे चालक यांच्या प्रकृतीचा विचार करताना ही गोष्ट दुर्लक्षिता येणार नाही.

कमी आणि अधिक

या संप्रेरकाचा माणसाच्या देहावर व स्वभावावर केवढा अंमल आहे, हे दोन दुर्मिळ रोगांवरून स्पष्ट दिसते. लंडनच्या गाय रुग्णालयातील टॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली अधिवृक्क ग्रंथी नष्ट झालेल्या रुग्णांचे वर्णन केले. अशा रुग्णांचे वजन घटते, त्वचा काळवंडते, रक्तदाब उतरतो, अन्नावरची वासना उडते आणि कशातच मन लागत नाही. त्या काळी याचे मुख्य कारण क्षयरोग हे होते, आणि आपल्या देशातील वैद्यांस ते आजही ध्यानात ठेवावे लागते. उलट बाजूचा रोग अमेरिकन मेंदूशल्यतज्ज्ञ हार्वे कुशिंग यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा प्रसिद्ध निबंध १९३२ सालचा. यात कॉर्टिसॉल दीर्घकाळ वाढून राहते. चेहरा वाटोळा होतो, पोट सुटते, हातपाय मात्र बारीक पडतात, हाडे ठिसूळ होतात, मधुमेह व रक्तदाब जडतो. मनावरचे परिणाम तितकेच ठळक असतात. चिडचिड, निद्रानाश, विसराळूपणा आणि गहिरी खिन्नता या रुग्णांत वारंवार आढळते. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग स्मरणाचे काम करतो व तेथे कॉर्टिसॉलचे ग्राहक विपुल असतात. कुशिंगच्या रुग्णांत हा भाग आकाराने लहान झालेला दिसतो आणि उपचारानंतर कॉर्टिसॉल उतरले की काही अंशी भरूनही येतो. बिघाड कायमचाच असतो असे नाही, ही यातील आशेची बाजू.

सर्वसामान्य माणसाच्या ताणात कॉर्टिसॉल या टोकांपर्यंत जात नाही. थोडेसे अधिक, पण महिनोन्‌महिने, असे त्याचे रूप असते. आणि म्हणूनच त्याचे परिणाम चटकन लक्षात येत नाहीत. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९५ साली एक साधा, पण बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या तेरा स्त्रिया आणि त्याच वयाच्या, तशी जबाबदारी नसलेल्या तेरा स्त्रिया त्यांनी निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी लहान जखम केली आणि ती केव्हा भरते ते पाहिले. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरावयास सरासरी नऊ दिवस अधिक लागले. आपल्याकडे अंथरुणास खिळलेल्या माणसाची सेवा बहुधा घरातील एका सुनेकडे किंवा मुलीकडे असते आणि तिची प्रकृती कोणी विचारीत नाही. तिच्या थकव्यास ‘कुरकुर’ म्हणण्यापूर्वी हा प्रयोग आठवावा.

लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास आपल्या वाचकांपैकी अनेकांना जवळचा वाटेल. त्याचा दुसरा टप्पा १९८५ साली सुरू झाला व त्यात दहा हजारांहून अधिक कर्मचारी सामील झाले. हृदयविकार वरच्या अधिकाऱ्यांत अधिक असेल, ही रूढ समजूत या अभ्यासाने खोटी ठरविली. हुद्दा जितका खालचा, तितका धोका अधिक, असे आढळले. कामाची मागणी मोठी, पण ते कसे व केव्हा करावे याबाबत स्वतःच्या हाती काही नाही, ही स्थिती विशेष घातक दिसली. याच कर्मचाऱ्यांपैकी चार हजारांवर लोकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल दिवसातून अनेकदा मोजून २०११ साली काढलेला निष्कर्ष असा की, ज्यांचे कॉर्टिसॉल रात्रीपर्यंत नीट उतरत नाही, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक. नेमके कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा अभ्यासांवरून ठामपणे ठरविता येत नाही. तथापि शिखराच्या उंचीइतकाच उताराचाही विचार करावा लागतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

विचार, स्मरण आणि निर्णय

परीक्षेच्या दालनात प्रश्नपत्रिका हाती पडताच पाठ केलेले सारे विसरले आणि बाहेर पायरीवर येताच धडाधड आठवू लागले, हा अनुभव पुष्कळांच्या गाठीशी असेल. त्याला घाबरटपणा म्हणून हिणविले जाते. वस्तुतः त्यामागे शरीरक्रिया आहे. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे झालेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी लोकांना काही शब्द पाठ करावयास सांगून दुसऱ्या दिवशी ते आठवावयास लावले. आठवण्याच्या तासभर आधी ज्यांना २५ मिलिग्रॅम कॉर्टिसोनची गोळी दिली, त्यांना शब्द कमी आठवले. तीच गोळी पाठ करण्याच्या वेळी दिली असता मात्र असा अपाय झाला नाही. म्हणजे साठविलेले नष्ट होत नाही, त्याचे दार तेवढ्यापुरते घट्ट होते. उलटपक्षी, भीतीच्या क्षणी घडलेला प्रसंग याच संप्रेरकांमुळे मनावर खोल कोरला जातो. पुढे कधी तसे संकट आल्यास ओळखता यावे, म्हणून निसर्गाने केलेली ही तरतूद असावी.

निर्णयांवरही त्याची छाया पडते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वयंसेवकांना आठ दिवस औषधरूपाने कॉर्टिसॉल देऊन त्याची पातळी वाढविली. पैशांच्या खेळात ते लोक पूर्वीपेक्षा धोका पत्करावयास कचरू लागले. एक दिवसाच्या वाढीने जे झाले नव्हते, ते आठवड्याच्या वाढीने झाले. नवे बियाणे, नवा धंदा, नवी नोकरी यांबाबत ओढगस्तीतला माणूस पाऊल मागे घेतो, तेव्हा त्यास केवळ जुनाट वृत्तीचा दोष देणे कितपत न्याय्य आहे, असा प्रश्न येथे पडतो.

याच संदर्भात केनियातील एक पाहणी आपण मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत तीन संशोधकांनी तेथील कियान्यागा भागातील गरीब शेतकऱ्यांच्या आणि नैरोबी शहरातील धातुकाम करणाऱ्या कारागिरांच्या लाळेचे नमुने घेतले. प्रत्येक घराच्या ठिकाणी किती पाऊस झाला, हे उपग्रहांच्या चित्रांवरून काढले. पावसाने ताण दिला की दहा ते वीस दिवसांनी कॉर्टिसॉल वाढलेले आढळे, आणि ही वाढ कारागिरांपेक्षा शेतकऱ्यांत अधिक होती. पाऊस काही माणसाच्या वागणुकीवर अवलंबून नसतो. त्यामुळे ‘मुळात चिंतातुर माणसेच गरीब होतात’ असा आक्षेप येथे टिकत नाही. पीक अद्याप उभे आहे, नुकसान अजून हाती आलेले नाही, केवळ आभाळ कोरडे आहे. तेवढ्यानेच शेतकऱ्याच्या रक्तातील रसायन बदलते. मराठवाडा आणि विदर्भ येथील कोरडवाहू शेतकऱ्यास जुलैतील उघडीप म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. केनियाचे आकडे जसेच्या तसे इकडे लावता येणार नाहीत. परंतु ‘पावसाने ताण दिला’ हा आपल्या शेतकऱ्यांचा शब्दप्रयोग शरीरशास्त्राच्या अर्थानेही खरा ठरावा, हे लक्षणीय आहे.

अशा दीर्घ ताणावर उपाय औषधाच्या बाटलीत सापडत नाही. वेळेवर झोप, अंगमेहनत किंवा चालणे आणि मन मोकळे करण्यास माणूस, या तीन गोष्टींचा उपयोग सिद्ध आहे. पण ज्या कारणाने ताण आला ते कारण हलके होणे अधिक महत्त्वाचे. पाणी, पीकविमा, वेळेवर मिळणारे पीककर्ज यांची गणना सहसा आरोग्यसेवेत होत नाही, ती करावयास हरकत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा व पश्चिम विदर्भातील शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ हाती घेऊन समुपदेशनाची सोय केली. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही देशव्यापी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. मन खचले असता, झोप नाहीशी झाली असता किंवा जीव नकोसा वाटू लागला असता या क्रमांकावर निःसंकोच बोलावे.

बाहेरून घेतलेले संप्रेरक

येथवर शरीराने स्वतः निर्माण केलेल्या कॉर्टिसॉलचा विचार झाला. आपल्याकडे मात्र असंख्य माणसे हेच संप्रेरक, किंवा त्याची अधिक प्रभावी भावंडे, बाहेरून घेत असतात आणि पुष्कळदा त्यांना त्याची कल्पनाही नसते. ‘स्टेरॉइड’ या नावाने ओळखली जाणारी प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही औषधे याच कुळातील.

त्यांचा इतिहास मोठा नाट्यमय आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीस कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. १९५० साली हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु तोवर दुसरी बाजूही दिसू लागली होती. रुग्णांचे चेहरे वाटोळे होत होते, कोणी अकारण उल्हसित तर कोणी भ्रमिष्ट होत होते आणि औषध थांबविताच वेदना परत येत होत्या.

औषध म्हणून त्यांची योग्यता वादातीत आहे. दमा, काही मूत्रपिंडविकार, तीव्र ॲलर्जी यांत ती जीव वाचवितात. कोविडच्या साथीत जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवून दिले की, रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दहा दिवसांपर्यंत दिल्याने कृत्रिम श्वसनावर असलेल्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि प्राणवायूवर असलेल्यांतील सुमारे एक पंचमांशाने घटतात. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र काहीच लाभ झाला नाही. हे शेवटचे वाक्य पुष्कळांनी वाचलेच नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सौम्य आजारातही, अधिक मात्रेत आणि अधिक दिवस स्टेरॉइड घेतली गेली. रक्तातील साखर चढली, प्रतिकारशक्ती दबली आणि म्युकरमायकोसिस या बुरशीच्या रोगाने, विशेषतः मधुमेही रुग्णांत, थैमान घातले. महाराष्ट्रात हजारो रुग्ण आढळले. अनेकांचे डोळे आणि जबडे काढावे लागले.

ती लाट ओसरली, परंतु सांधेदुखीवर दिल्या जाणाऱ्या नावनिशाणी नसलेल्या पुड्या, अंग भरावे म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्या आणि गोरेपणासाठी चेहऱ्यास लावली जाणारी मलमे यांचा वापर ओसरलेला नाही. पुडीने दोन दिवसांत गुडघे हलके झाले, भूक वाढली आणि गालांवर तजेला आला की, देणाऱ्याची कीर्ती पंचक्रोशीत पसरते. तो तजेला म्हणजे पुष्कळदा कुशिंगच्या रोगाची सुरुवात असते. मलमांच्या बाबतीत २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रभावी स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत असा नियम केला. दुकानात मागताक्षणी मिळणारे मलम म्हणूनच संशयाने पाहावे.

खरा धोका पुढे असतो. बाहेरून संप्रेरक येत राहिले की आधी वर्णिलेला लगाम ओढला जातो. मेंदूस वाटते, रक्तात कॉर्टिसॉल भरपूर आहे. पोष ग्रंथी संदेश पाठविणे थांबविते आणि अधिवृक्क ग्रंथी काम नसल्याने आक्रसते. अशा वेळी पुडी देणारा गाव सोडून गेला किंवा पैसे संपले म्हणून औषध एकदम बंद झाले, तर शरीराजवळ स्वतःचे कॉर्टिसॉल नसते. माणूस गळून जातो, ओकाऱ्या होतात, रक्तदाब व साखर उतरते. त्यातच ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया आली तर प्राणावर बेतते. यास्तव तीन आठवड्यांहून अधिक काळ घेतलेले स्टेरॉइड कधीही आपल्या मनाने थांबवू नये. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवितात आणि आक्रसलेल्या ग्रंथीस पुन्हा कामास लागण्यास काही महिने, क्वचित वर्षही लागते. त्या काळात दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यास, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा, आपण स्टेरॉइड घेत होतो हे प्रथम सांगावे. पुडीच असेल तर उरलेली पुडी बरोबर न्यावी. ग्रंथी जागी झाली की नाही, याची तपासणी रक्तावरून होते. कॉर्टिसॉलची लय ध्यानी घेता हे रक्त सकाळी आठ-नऊच्या सुमारास द्यावे लागते. दुपारी दिलेल्या रक्तातील कमी आकड्यावरून डॉक्टरांस काहीच ठरविता येत नाही.